प्रोबेटचा वकील शोधताना: बेळगाव–खानापूर–चंदगड अशा तीन ठिकाणच्या मिळकतीचे एक प्रकरण

हे प्रकरण संबंधित तिन्ही भावंडांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. आमच्या वाचनालयात कागदपत्रांच्या अडचणी घेऊन लोक येतात, त्यातूनच हे कुटुंब भेटले.

पार्श्वभूमी

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मूळ गाव खानापूर तालुक्यात, नोकरीमुळे घर बेळगाव शहरात. 2023 च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या पत्नी आधीच गेल्या होत्या. मागे तीन मुले: थोरला बेळगावात दुकान चालवतो, धाकटा पुण्यात नोकरीला, आणि मधली ताई गडहिंग्लजला दिलेली. बेळगाव-खानापूर कर्नाटकात, चंदगड-गडहिंग्लज महाराष्ट्रात.

मिळकत चार प्रकारची होती. शहरातले घर, सिटी सर्व्हेत सीटीएस नंबर असलेले, गुरुजींनी पगारातून आणि कर्ज काढून बांधलेले. खानापूर तालुक्यातली 3 एकर 8 गुंठे भातजमीन, जी पणजोबांपासून चालत आलेली आणि 1974 साली भावाभावांच्या वाटणीत गुरुजींच्या वाट्याला आलेली. चंदगड तालुक्यातली 24 आर जमीन, गुरुजींच्या आजोळची, त्यांच्या आईकडून वारसाने आलेली. आणि बँकेतल्या व पतसंस्थेतल्या ठेवी.

2011 साली गुरुजींनी स्टँपपेपरवर मराठीत मृत्युपत्र केले होते. अक्षर त्यांचेच, शाळेच्या फळ्यावरच्यासारखे गोल आणि सुटे. घर थोरल्याला, खानापूरची जमीन दोन्ही मुलांना निम्मी निम्मी, ठेवी मुलीला, आणि शेवटी एक ओळ: ‘याखेरीज माझी जी काही मिळकत असेल ती दोन्ही मुलांनी समान घ्यावी.’ नोंदणी केलेली नव्हती. साक्षीदार दोन, त्यातले एक सहकारी शिक्षक वारलेले. दुसरे गावातलेच, ऐंशी ओलांडलेले, ऐकू कमी येणारे. मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करायची हे कुठेच लिहिलेले नव्हते. ही शेवटची गोष्ट पहिले काही महिने कोणाच्याच लक्षात आली नाही.

अडचण कुठे सुरू झाली

बाराव्या-तेराव्यानंतर थोरला पतसंस्थेत गेला. तिथल्या काउंटरवर त्याला सांगण्यात आले, ‘मृत्युपत्र आहे म्हणजे प्रोबेट आणा.’ झाले. त्या दिवसापासून घरात एकच शब्द: प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा शिक्का. आणि एकच काम: प्रोबेट करून देणारा वकील शोधणे.

माझ्या मते प्रकरणाला चुकीचे वळण लागले ते इथे. प्रोबेट लागते का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

बेळगाव भागात याबाबत एक पक्का गैरसमज आहे. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, म्हणून मुंबईचा नियम आपल्यालाही लागू, असे जाणती माणसेही सांगतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 ची कलमे 57 आणि 213 एकत्र वाचली तर हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, मद्रास या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती, आणि जुन्या बंगालच्या हद्दीत. मृत्युपत्र तिथे केलेले हवे किंवा स्थावर मिळकत तिथली हवी. मुंबईच्या बाबतीत हे क्षेत्र म्हणजे मुंबई शहर. अख्खा मुंबई प्रांत त्यात कधीच नव्हता. मृत्युपत्र बेळगावात लिहिलेले, जमिनी खानापूर-चंदगडच्या, म्हणजे सक्तीचा प्रश्नच नव्हता. (डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 काढूनच टाकले. हे प्रकरण त्याआधीचे.)

सक्ती नसली तरी कोणी स्वेच्छेने प्रोबेट घेऊ शकतो, आणि काही प्रकरणांत ते शहाणपणाचेही असते. पण ‘लागतेच’ आणि ‘घेता येते’ यांत वकिलाच्या फीचा आणि दोन-चार वर्षांचा फरक पडतो.

वकिलाचा शोध

थोरल्याच्या ओळखीतले एक वकील होते. दुकानाच्या गाडीच्या अपघाताच्या वेळी त्यांनी चांगले काम केले होते. त्यांनी मृत्युपत्र पाहिले, मूळ प्रत ठेवून घेतली, आगाऊ रक्कम घेतली आणि सांगितले की जिल्हा न्यायालयात प्रोबेटचा अर्ज टाकू. उरलेली फी मिळकतीच्या किमतीच्या टक्क्यांत. मग तिघांसाठी कोरी वकीलपत्रे आणि ताईसाठी इंग्रजीतले एक संमतीपत्र थोरल्याच्या हाती दिले.

थोरल्याने ते कुरियरने गडहिंग्लजला पाठवले आणि फोनवर म्हणाला, ‘ताई, नुसती सही करून पाठव की, बाकीचं आम्ही बघतो.’

ताईने सही केली नाही. तिने मला नंतर सांगितले ते असे: ‘जमिनीचं काय घेऊन बसला ओ, मला न विचारता माझी सही मागितली त्याचा राग आला.’ तिच्या यजमानांनी ते इंग्रजी कागद कोल्हापूरच्या एका वकिलांना दाखवले. ते म्हणाले, वडिलार्जित जमिनीत तुमचा हिस्सा आहे, सरळ वाटणीचा दावा टाका. आता एका घरात दोन वकील, दोन राज्ये आणि दोन उपाय झाले. भावाबहिणीचे बोलणे बंद.

धाकटा वाचनालयात आला तो या टप्प्यावर. त्याचा प्रश्न साधा होता: ‘चांगला प्रोबेट वकील कोण?’

आपल्याकडे याचे उत्तर पाटी वाचून मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असे पाटीवर लिहिताही येत नाही. त्यामुळे लोक ओळखीवर जातात, आणि ओळख बहुधा वेगळ्याच कामातली असते. दुसरा मार्ग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळाचा. तिथे वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. धाकट्याने पुण्यात बसून थोरल्याच्या वकिलांचे नाव टाकले. यादी लांबलचक निघाली, पण जवळपास प्रत्येक ओळीपुढे ‘एमव्हीसी’, म्हणजे मोटार अपघात भरपाई. कर्नाटकात प्रोबेट आणि उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जांना ‘पी अँड एससी’ असा प्रकार लागतो. तो त्या यादीत शोधून सापडेना. वकील वाईट होते असे यातून ठरत नाही. हे काम त्यांच्या रोजच्या वाटेवरचे नव्हते, इतकेच ठरते.

टक्क्यांच्या फीबद्दलही सांगायला हवे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या मिळकतीत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. बरेच पक्षकार हे जाणत नाहीत आणि टक्का कमी-जास्त करून घेण्यातच समाधान मानतात.

मग त्याच यादीच्या पद्धतीने आणि रजिस्टर ऑफिसबाहेरच्या दस्तलेखकांकडे चौकशी करून दोन-तीन नावे काढली. निवड झाली ती एका वकीलबाईंची. कारण एकच: पहिल्या भेटीत त्यांनी उपाय सांगितलाच नाही. कागदांची यादी दिली. खानापूरच्या जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि 1974 च्या वाटणीची फेरफार नोंद, चंदगडचा सातबारा आणि तो गुरुजींच्या नावे कसा आला त्याचा फेरफार, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, प्रत्येक ठेवीवर नॉमिनी कोण ते. सल्ल्याची ठरावीक फी घेतली आणि म्हणाल्या, ‘कागद आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि ताईंनाही घेऊन या.’

कागद वाचल्यावर काय दिसले

पहिली गोष्ट म्हणजे ‘प्रोबेट’ या प्रकरणात मिळण्यासारखेच नव्हते. कलम 222 प्रमाणे प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला, म्हणजे अंमलबजावणी करणाऱ्याला, देता येते. गुरुजींनी कोणालाच नेमले नव्हते. फार तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीची व्यवस्था बघण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागता आले असते. पहिल्या वकिलांच्या अर्जाच्या मसुद्यात थोरल्याला ‘एक्झिक्युटर’ म्हटले होते, ते मृत्युपत्रात कुठेच नव्हते.

दुसरी गोष्ट खानापूरच्या जमिनीची. ती वाटणीत आलेली वडिलार्जित जमीन असल्याने तिन्ही मुलांचा तिच्यात जन्मतः हिस्सा. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि 2020 साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. गुरुजी धरून चार हिस्से. 128 गुंठ्यांपैकी गुरुजींचे 32, आणि मृत्युपत्र चालणार तेवढ्यावरच. म्हणजे मृत्युपत्र शंभर टक्के खरे ठरले तरी ताईचे 32 गुंठे तिचेच, आणि मुलांना प्रत्येकी स्वतःचे 32 अधिक वडिलांचे 16, असे 48.

इथे अनेकांची गल्लत होते. प्रोबेटचे न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच बघते. मिळकत मृत्युपत्र करणाऱ्याची होती का, हे तिथे ठरत नाही. म्हणजे दोन वर्षे जाऊन शिक्का मिळाला असता तरी ताईच्या 32 गुंठ्यांचा वाद जागच्या जागी राहिला असता.

तिसरी गोष्ट सीमेची. कलम 273 प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांनी दिलेले प्रोबेट किंवा लेटर्स त्या राज्यापुरते चालते. राज्याबाहेरच्या मिळकतीला ते लागू व्हायचे तर तिची किंमत 10,000 रुपयांपेक्षा जास्त असून चालत नाही. आजच्या काळात या अटीत कुठली जमीन बसणार? बेळगावच्या जिल्हा न्यायालयाचा आदेश शिनोळीचा नाका ओलांडून चंदगडच्या 24 आरांपर्यंत पोहोचत नव्हता. बेळगावात राहून चंदगडला शेती असणारी घरे या भागात हजारांनी असतील. तरीही ही अडचण आधी सांगणारा कोणी भेटत नाही.

चंदगडची जमीन गुरुजींना आईकडून आलेली, म्हणून ती त्यांची स्वतंत्र मिळकत. ‘याखेरीज जी काही मिळकत’ या ओळीने ती मुलांकडे जाणार होती. पण तसे सिद्ध करायला लागणारा जिवंत साक्षीदार एकच, तोही थकलेला.

समोरचे पर्याय

वकीलबाईंनी दोन पानी टिपण मराठीत लिहून दिले. तिघांनी समोरासमोर बसून ते वाचले. त्यात चार वाटा होत्या.

बेळगावच्या जिल्हा न्यायालयात लेटर्सचा अर्ज. कोणी विरोध केला तर त्याचे दाव्यासारखे काम चालणार. चंदगड बाहेर राहणार, ताईच्या हिश्श्याचा प्रश्नही बाहेर.

धारवाड खंडपीठात उच्च न्यायालयाकडे तोच अर्ज. उच्च न्यायालयाचा आदेश एरवी देशभर चालतो, त्यामुळे सीमेची अडचण सुटली असती. खर्च मोठा, आणि हिश्श्याचा प्रश्न तरीही शिल्लक.

वाटणीचा दावा. वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दीतली स्थावर मिळकत एकाच दाव्यात घेता येते, त्यामुळे हक्कांचा निकाल पूर्ण लागला असता. किती वर्षांनी, ते टिपणात मोकळे सोडले होते.

आणि शेवटची वाट: मृत्युपत्राचे लाभार्थी आणि कायदेशीर वारस तेच तिघे आहेत, तेव्हा आधी सगळीकडे तिघांची वारस नोंद करायची, मग ज्याने जे सोडायचे ते नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडायचे.

ही वाट सगळ्यात स्वस्त, पण एका अटीवर उभी. तिघांपैकी एकजण जरी उलटला तरी कोसळते. शिवाय वारस नोंद आधी आणि हक्कसोड नंतर, या मधल्या काळात ताईचे नाव घरावरही चढणार होते, जे मृत्युपत्राप्रमाणे एकट्या थोरल्याचे. थोरल्याला रात्रभर झोप लागली नाही, असे वहिनी सांगत होत्या. त्याची भीती अनाठायी नव्हती. वकीलबाईंनी त्यावर असा तोडगा सुचवला की घराचे हक्कसोड आणि चंदगडचे हक्कसोड यांच्या तारखा लागोपाठ ठेवायच्या, म्हणजे कोणी एकजण सगळे सोडून मोकळा हात घेऊन उभा राहणार नाही.

ताईने एक गोष्ट मागितली: चंदगडची जमीन. गडहिंग्लजहून जवळ, आणि आजीच्या माहेरची. 24 आरांचे तिघांत 8-8 आर करायचे म्हटले तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा आला असता. तेव्हा ती एकाकडेच जाणे सोयीचे होते. त्या बदल्यात ती खानापूरचे आपले 32 गुंठे आणि घरावरचा हक्क सोडायला तयार झाली. ठेवी मृत्युपत्राप्रमाणे तिच्याच. धाकट्याने घरावर काही मागितले नाही.

काय केले

काम दोन वकिलांत वाटले. कर्नाटकातले वकीलबाईंकडे, चंदगडचे तिथल्याच एका स्थानिक वकिलाकडे. वकील देशात कुठेही काम करू शकतो हे खरे, पण तलाठ्याकडे कोणता कागद कशा नमुन्यात चालतो ते तिथे रोज बसणाऱ्यालाच ठाऊक असते.

खानापूरला नाडकचेरीत (कर्नाटकातले स्थानिक महसूल कार्यालय) वारसा वर्दी दिली. उताऱ्यावर कन्नडमध्ये गुरुजींचे पाळण्यातले नाव, आधारवर शाळेतले. दोन्ही नावे एकाच माणसाची असे प्रतिज्ञापत्र लागले. चंदगडला उलटी अडचण: बेळगावहून नेलेली वंशावळ कन्नडमध्ये. तलाठ्यांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘मराठी करून आणा.’ नोटरी केलेले भाषांतर जोडल्यावर वारस फेरफार धरला गेला. क्षेत्राचाही घोळ होत होता, कारण इकडे एकर-गुंठे आणि तिकडे हेक्टर-आर. नशिबाने एक आर आणि एक गुंठा जवळपास सारखाच भरतो.

हक्कसोडपत्रे वेगवेगळी केली: कर्नाटकातल्या मिळकतींची कर्नाटकात, चंदगडची चंदगडच्या दुय्यम निबंधकांकडे. नातेवाइकांनी ‘एका बॉन्डवर आपसात लिहून टाका की’ असा आग्रह धरला होता. वकीलबाईंनी तो मानला नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी हवीच, नाहीतर पुढच्या पिढीत तो कागद टिकत नाही.

बँकेतल्या ठेवींवर थोरला नॉमिनी होता. नॉमिनी म्हणजे मालक असे ताईला वाटत होते, त्यावरूनही आधी वाजले होते. नॉमिनी पैसे उचलतो ते वारसांसाठी. थोरल्याने रक्कम घेऊन ताईच्या खात्यावर पाठवली आणि पोच घेतली. पतसंस्थेच्या ठेवीवर नॉमिनीच नव्हता. तिथे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागले. तेवढा एक ‘पी अँड एससी’ अर्ज बेळगावच्या न्यायालयात तिघांच्या संमतीने झाला. हे प्रमाणपत्र फक्त ठेवी, रोखे, येणी यांना चालते, जमिनीला नाही. पण प्रोबेटला असलेली राज्याची मर्यादा त्याला नाही, ते भारतभर लागू होते.

निष्पत्ती

2025 च्या सुरुवातीपर्यंत घर थोरल्याच्या, चंदगड ताईच्या आणि खानापूर दोघा भावांच्या नावे लागले. ठेवी ताईला मिळाल्या. खानापूरच्या जमिनीचे दोघांत अजून हिस्से पाडणे व्हायचे आहे. त्यासाठी मोजणीचा 11-ई नकाशा लागतो आणि सर्व्हेअरच्या तारखेची वाट बघणे सुरू आहे. तोवर शेत थोरलाच बघतो आणि भाताची पोती पुण्याला जातात.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ताई आणि वहिनी यांच्यात अजून तुटकपणा आहे. तो त्या कुरियरपासूनचा.

वेगळे काय करता आले असते

गुरुजींकडून सुरुवात करू. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण केली असती तर थोडा आधार मिळाला असता; ते सिद्ध करायला साक्षीदार मात्र तरीही लागलाच असता. एक्झिक्युटर म्हणून एखादे नाव आणि चंदगडच्या गट नंबरचा उल्लेख, एवढ्याने बरेच सोपे झाले असते. आणि वडिलार्जित जमिनीत आपला हिस्सा किती, हे आधी कोणाला विचारले असते तर मुलीला डावलल्यासारखे ते वाक्य कदाचित लिहिलेच गेले नसते.

पतसंस्थेच्या काउंटरवर ‘प्रोबेट आणा’ ऐकल्यावर ते लेखी मागायला हवे होते. तसे मागितले असते तर बहुधा ‘प्रोबेट किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र’ असे उत्तर मिळाले असते आणि पुढचे रामायण टळले असते.

ताईला स्वतंत्र सल्ला हवाच होता, आणि तो तिने घेतला यात काही गैर नव्हते. गडहिंग्लजच्या तालुका विधी सेवा समितीकडेही ती जाऊ शकली असती. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत सल्ला मिळतो.

ऐंशीपार साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र मात्र पहिल्या आठवड्यात करून घ्यायला हवे होते. समेट झाला म्हणून गरज पडली नाही. तो फिसकटला असता आणि दरम्यान ते गृहस्थ गेले असते, तर मृत्युपत्र सिद्ध करणे फार अवघड झाले असते.

राहिली मूळ प्रत. ती पहिल्या वकिलांकडे पोच न घेता दिली होती, आणि वकील बदलायचे म्हटल्यावर ‘आधी फीचा हिशेब करा’ असे उत्तर आले. फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितले आहे. अर्ज दाखल झालेला नव्हता, त्यामुळे वकील बदलायला न्यायालयात काही करावे लागणार नव्हते. थोरल्याने आगाऊ रक्कम परत मागितली नाही, धाकट्याने त्या निकालाचा उल्लेख करून नम्र पत्र लिहिले, आणि प्रत घरी आली. आता ती तिघांच्या सह्या असलेल्या पोचपावतीसह वकीलबाईंच्या फायलीत आहे, आणि तिची रंगीत झेरॉक्स तिन्ही घरांत.